‘माझ्याच हातानं पाजलं’ म्हणणाऱ्या माय-बापांशी

माय-बापहो,

लेकरू गेलेल्या घरी जाऊन बसलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं. ‘मीच पाजलं हो. माझ्याच हातानं पाजलं.’ पाहुणे परततात, तेरवी होते, संत्र्याच्या बागेत पुन्हा पाणी सोडायची वेळ येते, तरी हे वाक्य घर सोडत नाही. दिवसभर कामात दबून राहतं आणि रात्री पाठ टेकली की पुन्हा सुरू होतं. म्हणून बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी त्याच्याविषयीच बोलू.

२०२५ चा पोळा होऊन थोडेच दिवस झाले होते. छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासियाकडच्या लेकरांना सर्दी-ताप आला, पावसाळा सरताना दरवर्षी येतो तसाच. घरच्यांनी दवाखान्यात नेलं, औषध लिहून मिळालं, बाटली घरी आली, चमच्यानं पाजली. मग उलट्या सुरू झाल्या आणि लघवी बंद झाली. छिंदवाड्याहून गाड्या निघाल्या त्या सिल्लेवानीचा घाट उतरून, आपल्या सौंसरवरून, सावनेरवरून थेट नागपूरला. कुणी मेडिकल कॉलेजला, कुणी एम्सला, कुणी खासगी दवाखान्यात. एवढ्याशा जिवांना डायलिसिसवर घेतलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात वीसहून अधिक लेकरं गेली. बहुतेक पाच वर्षांच्या आतली. सगळ्यात जास्त छिंदवाडा जिल्ह्यातली, पण बैतूलची आणि आपल्या पांढुर्णा जिल्ह्यातलीही त्यांत होती.

कारण काय निघालं ते आता सगळ्यांना ठाऊक आहे. तामिळनाडूतल्या कांचीपुरमच्या कारखान्यात बनलेलं ‘कोल्ड्रिफ’ नावाचं खोकल्याचं सिरप. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेनं तपासलं तेव्हा त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. चालतं ते जास्तीत जास्त ०.१ टक्का. हे कारखान्यांत वापरायचं रसायन आहे आणि पोटात गेलं की मूत्रपिंडं निकामी करतं. ४ ऑक्टोबरला मध्य प्रदेशात त्या सिरपवर बंदी आली.

आता हे जरा शांतपणे बघा. ते रसायन चवीला गोड असतं. सिरपात मिसळलं की रंगावरून, वासावरून, चवीवरून ओळखू येत नाही. बाटलीवर त्याचं नाव नव्हतं. लेकरं दगावू लागली तेव्हा शिकलेसवरलेले डॉक्टर आणि सरकारी पथकंसुद्धा आधी पाणी तपासत होती, डास, उंदीर, कुठला ताप पसरतोय का ते बघत होती. मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासल्यावर संशय औषधाकडे वळला. ज्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक होते, प्रयोगशाळा होत्या, त्यांना कित्येक आठवडे लागले. आणि माय, तू मात्र स्वतःला विचारतेस की रात्री दहा वाजता, ताप अंगावर असलेलं लेकरू मांडीवर घेऊन, चमचा हातात धरताना तुला कसं कळलं नाही!

तुझ्या हातानं लेकराची काळजी घेतली. विष ज्या हातानं भरलं तो हात दुसरा होता, तो कारखान्यात होता. औषध तपासायचं काम ज्यांचं होतं, त्यांचेही हात त्यात होते. त्यांचा हिशेब तुझ्या खात्यावर मांडू नकोस.

हे सांगून दोष लगेच निघून जाईल असं मला वाटत नाही. मन तो घट्ट धरून ठेवतं आणि त्यालाही कारण आहे. ‘माझी चूक झाली’ असं म्हटलं की निदान जगाला काही नियम आहे असं वाटतं. मी सावध राहिलो असतो तर लेकरू वाचलं असतं, असा धागा हातात राहतो. ‘माझ्या हातात काहीच नव्हतं’ हे मान्य करणं त्याहून भयंकर आहे. म्हणून माणूस स्वतःला दोषी ठरवणं पत्करतो. पण हे करताना आपण रोज स्वतःला शिक्षा देतो आहोत आणि ज्या गुन्ह्याची शिक्षा देतो आहोत तो आपण केलेलाच नाही, हे कुणीतरी जवळच्यानं पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. एकदा सांगून भागत नाही.

हे फक्त त्या सिरपच्या घरांपुरतं नाही. कॅन्सरनं, डेंग्यूनं, सिकलसेलनं लेकरू गेलेल्या घरांतही हीच रुखरुख वेगळ्या शब्दांत असते. ‘आधीच नागपूरला नेलं असतं तर.’ ‘पैशाची जुळवाजुळव करण्यात दोन दिवस गेले.’ ‘आमच्याच रक्तातून आलं.’ सिकलसेलचं म्हणाल तर तो दोष आई आणि वडील दोघांकडून एकेक करून येतो, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो, आणि तो नुसता वाहून नेणाऱ्या माणसाला बहुधा स्वतःला काही त्रास नसतो. तपासणी केल्याशिवाय कळायचा मार्गच नाही. सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान आपल्याच राज्यात शहडोलला १ जुलै २०२३ ला सुरू झालं; त्याआधी गावोगावच्या किती लोकांची तपासणी झाली होती? पुढच्या बाळंतपणाआधी दोघांनीही ती जरूर करून घ्या. गेलेल्या लेकराच्या बाबतीत मात्र स्वतःच्या रक्ताला शिव्या देऊ नका.

आणि एक दिवस खरंच उशीर झालेला असला तर? असेल. मी खोटा धीर देणार नाही. पण त्या दिवशी तुम्हाला जेवढं कळत होतं, खिशात जेवढं होतं, रस्त्यावर जे वाहन मिळालं, त्यातून तुम्ही ठरवलंत. आज जे कळतं ते त्या रात्री कुणाला कळत होतं? आजच्या शहाणपणानं त्या रात्रीचा न्याय करू नका.

आता पुढच्या वर्षांविषयी. लोक म्हणतात, काळ हेच औषध. काळ काही करतो, हे खरं, पण सगळं एकटा करत नाही. स्वीडनमध्ये कॅन्सरनं मूल गमावलेल्या आई-वडिलांना त्या मृत्यूनंतर चार ते नऊ वर्षांनी विचारलं गेलं की तुमचं दुःख कितपत पचलं. सुमारे चारांतल्या तिघांनी सांगितलं, बरंचसं किंवा पूर्ण. चौथ्यानं सांगितलं, थोडंसंच किंवा नाहीच. त्या चौथ्याची तब्येतही बिघडलेली होती. बापांची झोप गेलेली, आयांच्या दवाखान्याच्या फेऱ्या वाढलेल्या. ज्यांना कुणाशी तरी मोकळेपणी बोलायला मिळालं, त्यांचं दुःख अधिक पचलं, असंही दिसलं. म्हणजे बहुतेक माणसं पुन्हा उभी राहतात, हे खरं आहे, आणि काहींचं घोडं वर्षानुवर्षं तिथंच अडतं, हेही खरं आहे. ज्यांचं अडलं ते दुबळे नव्हेत. पुष्कळदा त्यांना बोलायला माणूस मिळालेलं नसतं.

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी तर मूल गमावलेल्या एकवीस हजारांहून अधिक आई-वडिलांच्या नोंदी पाहिल्या. त्या आयांच्या मृत्यूचं प्रमाण इतर आयांपेक्षा सुमारे ४३ टक्क्यांनी जास्त निघालं आणि अनैसर्गिक मृत्यूचा धोका पहिल्या तीन वर्षांत सगळ्यात मोठा होता. हा आकडा घाबरवायला सांगत नाही. माय, तू तुझी रक्तदाबाची गोळी बंद केली आहेस का, जेवण एका वेळेवर आलंय का, एवढंच विचारायचं आहे. भाऊ, तुम्ही रात्री झोप यावी म्हणून दारू घ्यायला लागलात, ती आता रोजची झाली का? लेकरू गेल्यावर स्वतःच्या अंगाकडे बघणं अपराध वाटतो, हे मी जाणते. तरी सौंसरच्या दवाखान्यात जाऊन शुगर, बीपी, रक्त एकदा तपासून या.

नवरा-बायकोविषयी थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण इथं फार घरं आतून तुटतात. एकच लेकरू गेलं, पण दोघांचं दुःख एकाच वेळी, एकाच रूपात येत नाही. ती दिवसभर त्याचे कपडे काढून घडी घालते, पुन्हा ठेवते. तो सकाळी उठून शेतावर जातो, रात्रीच येतो, घरात त्याचं नाव काढत नाही. तिला वाटतं, याला काहीच नाही. त्याला वाटतं, ही मला पुन्हा त्याच खड्ड्यात ओढते. मग एक दिवस भांडणात निघून जातं, ‘तूच तर त्या डॉक्टरकडे नेलं होतंस,’ आणि ते वाक्य परत घेता येत नाही.

नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेन्क शुट यांनी १९९९ मध्ये मांडलं की शोकातलं माणूस दोन्हीकडे ये-जा करतं. काही वेळ दुःखाला सामोरं जातं, काही वेळ त्याच्यापासून दूर जाऊन रोजचं आयुष्य सांभाळतं, आणि तब्येतीला ही दोन्ही कामं लागतात. आपल्याकडे पुष्कळदा बाई एक काम उचलते आणि पुरुष दुसरं. त्याला रडायची परवानगी नाही, तिला हसायची नाही. भाऊ, बागेत पाणी सोडताना एकटं रडून येत असाल तर एकदा घरी सांगा. तेवढ्यानं तिला कळेल की ती एकटी नाही. आणि माय, शेजारच्या लग्नात तुला हसू आलं तर लेकराशी बेइमानी झाली असं समजू नकोस.

लोकांच्या बोलण्याचं काय करायचं? ‘एवढंच आयुष्य घेऊन आलं होतं.’ ‘देवाला आवडलं.’ ‘अजून वय आहे, दुसरं होईल.’ बहुतेक जण वाईट हेतूनं बोलत नाहीत. शांत बसणं जमत नाही म्हणून बोलतात. पण ‘दुसरं होईल’ हे ऐकून घेण्याची तुमच्यावर सक्ती नाही. ‘काकू, त्याच्याविषयी बोला, दुसऱ्याविषयी नको,’ एवढं म्हणायला हरकत नाही. पुढचं मूल हवं की नको, कधी, हे तुम्ही दोघांनी ठरवायचं. आणि झालं तर त्याला गेलेल्याचं नाव देऊ नका. त्याला त्याचं स्वतःचं आयुष्य मिळू द्या.

सरकारी कागदांचाही एक दिवस येतो. समग्र आयडीतून नाव कमी करायला पंचायतीत जावं लागतं, रेशनकार्डातून नाव काढावं लागतं, आंगनवाडीच्या रजिस्टरात रेघ मारली जाते. हे काम दोघांपैकी एकट्यानं करू नये. काका, मामा, शेजारी, कुणाला तरी सोबत न्या किंवा त्यांनाच सांगा. त्या दिवशी घरी स्वयंपाक दुसऱ्या कुणी केला तर बरं. पुढे कित्येक वर्षं कुणीतरी नवखं माणूस सहज विचारत राहील, ‘मुलं किती?’ दोन म्हणायचं की एक? दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. समोरचा कोण आहे, आज बोलायची ताकद आहे का, त्यावर ठरवा. २०११ च्या जनगणनेत बाईला वेगवेगळे दोन प्रश्न होते: एकूण जिवंत जन्मलेली मुलं किती आणि आज हयात किती. जन्मलेल्या लेकराची मोजणी सरकारसुद्धा पुसत नाही.

सण फार जड जातात, हे सांगायला नको. तान्ह्या पोळ्याचं घ्या. पांढुर्ण्यात त्या दिवशी जाम नदीवर दगडफेकीची गोटमार असते, पण इकडे गल्लोगल्ली लेकरं लाकडी बैल सजवून निघतात, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. एका घरात मी तसा बैल बघितला आहे. वीतभर उंचीचा, चाकं लावलेला, एका शिंगाचा रंग उडालेला, गळ्यातली दोरी पोरानं स्वतः बांधलेली, तीन गाठी मारून. त्याची माय त्या गाठी कुणाला सोडू देत नाही. पहिल्या वर्षी तिनं दार लावून घेतलं होतं. दुसऱ्या वर्षी सासूनं विचारलं, बैल काढायचा का? तिनं काढला, पुसला, ओट्यावर ठेवला, आणि गल्लीतल्या लेकरांना त्याच्या नावानं बोजारा दिला. लेकरं घाबरली नाहीत. त्यातल्या एकानं सांगितलं की याच्या बैलाशी माझ्या बैलाची शर्यत लागली होती आणि हाच जिंकला होता. हे तिला ठाऊकच नव्हतं. लेकरू जाऊन वर्ष झाल्यावर तिला त्याच्याविषयी एक नवी गोष्ट कळली.

म्हणून म्हणते, नाव बंद करू नका. जुनी समजूत अशी की गेलेल्याची आठवण काढली की घाव उघडतो. शोकाचा अभ्यास करणाऱ्या कितीतरी माणसांचं म्हणणं आता उलट आहे: गेलेल्याशी नातं तोडून माणूस सावरतं असं नाही, नातं वेगळ्या रूपात ठेवूनही सावरतं. आपल्याकडे लहान लेकरांना बहुतेक घरी मूठमाती देतात, मोठ्यांसारखे विधी होत नाहीत, श्राद्धाच्या यादीत त्यांचं नाव नसतं. मोठ्या माणसाच्या शोकाला रीतभात आहे, लहानग्याच्या शोकाला जवळजवळ नाही. मग ती आपणच करायची. वाढदिवसाला आंगनवाडीत खाऊ द्या, शेताच्या बांधावर एक झाड लावा, किंवा काहीच न करता त्या दिवशी दोघं जामसावळीच्या मंदिरात जाऊन बसून या. आणि कपडे, दप्तर कधी काढायचं हे नातेवाइकांनी ठरवू नये. वर्ष लागो, पाच वर्षं लागोत.

आपल्या भागातून इतकी माणसं दरवर्षी नागपूरच्या दीक्षाभूमीला जातात, म्हणून बाबासाहेब आणि रमाई यांची आठवण येते. त्यांची चार लेकरं गेली: गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. पुढच्याच महिन्यात बाबासाहेबांनी दत्तोबा पवार या मित्राला पत्र लिहून मन मोकळं केलं. एवढा मोठा, धीराचा माणूस, पण त्या पत्रात तो फक्त बाप आहे. मार्च १९२७ मध्ये ते महाडला चवदार तळ्यावर होते. हे उदाहरण देऊन ‘बघा, ते कसे उभे राहिले’ असं तुम्हाला कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. त्यांच्याकडून घेण्यासारखं मला दिसतं ते पत्र. त्यांनी मित्राला सांगितलं. रमाईंनी कुणाला सांगितलं, किती सांगितलं, हे आपल्याला फारसं कळत नाही. १९३५ मध्ये त्या गेल्या. आयांचं दुःख असंच न लिहिलेलं राहून जातं.

मागे राहिलेल्या लेकराकडेही बघा. त्याला साधा खोकला आला तरी घर थरथरतं. कुणी कुठलंच औषध देत नाही, कुणी तासातासाला नागपूरला निघायचं म्हणतं. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला खोकल्या-सर्दीचं सिरप देऊ नये आणि पाच वर्षांच्या आतही सहसा देऊ नये, असं केंद्राच्या आरोग्य खात्यानं ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना कळवलं आहे. श्वास फार वेगानं चालला, छाती आत ओढली गेली, लेकरू प्यायला तयार नसलं किंवा लघवी कमी झाली, तर मात्र लगेच दवाखाना. बाकी वेळी त्याला खेळू द्या. भाऊ किंवा बहीण कुठे गेली, हे त्याला त्याच्या वयाला कळेल अशा शब्दांत खरं सांगा. ‘झोपलाय’ म्हणू नका. त्याला झोपेची भीती बसते. आणि ‘तू औषध घेतलं नाहीस म्हणून तू वाचलास’ असं कुणाच्या तोंडून चुकूनही निघू देऊ नका.

वर्ष उलटून गेलं तरी रोजचं काम सुचत नसेल, लेकरू गेलं यावर अजून विश्वास बसत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं पुन्हा पुन्हा मनात येत असेल, तर ते आपल्या आवाक्याबाहेरचं दुखणं आहे आणि त्यावर उपचार आहेत. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो. हिंदीत बोला नाहीतर मराठीत. जीव द्यावासा वाटत असेल तर वर्षाची वाट बघू नका, आज लावा, आणि घरातल्या एकाला तोंडानं सांगा.

शेवटी लढ्याविषयी, कारण सिरपच्या घरांना तो चुकणार नाही. कंपनीचा मालक अटकेत गेला, सरकारनं चार लाखांची मदत जाहीर केली, खटल्याच्या तारखा पडत राहतील. पैसे घेताना तुम्ही लेकराची किंमत घेतली नाही. उपचारासाठी गहाण टाकलेलं सोडवण्याचा तुमचा हक्क आहे. हेच रसायन यापूर्वीही माणसं मारून गेलं आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यानं चौदा रुग्ण दगावले, मग न्यायमूर्ती लेंटिन यांनी चौकशी केली. त्याच्याही आधी, १९३७ मध्ये अमेरिकेत एका औषधात ते मिसळलं गेलं आणि शंभराहून अधिक माणसं गेली, त्यांत पुष्कळ लेकरं होती. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरच्या एका आईनं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहिलं. आपली सहा वर्षांची मुलगी कशी गेली ते सांगितलं आणि असं दुसऱ्या घरी होऊ नये म्हणून काही करा, अशी विनंती केली. पुढच्याच वर्षी तिथं नवा औषध कायदा झाला. औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचं दाखवणं बंधनकारक झालं.

तुमच्यात ती ताकद असेल तर लढा, तारखेला जा, पण एकटं जाऊ नका आणि त्या रात्री कुणालातरी घरी झोपायला बोलवा. ताकद नसेल तर नका जाऊ. १९३७ च्या त्या शंभर घरांत पत्र न लिहिलेल्या आयाही होत्या, आणि त्यांनी आपल्या लेकरांना कमी जीव लावला होता असं कुणी म्हणू शकत नाही.